तिसऱ्या दिवशी फावडं

मामा म्हणजे आई. बाबा म्हणजे बाबाच, तेवढं एक सोपं. पण काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण, आणि बाबू म्हणजे चक्क आजोबा. स्वाहिलीतली ही नाती मला टांझानियात पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सांगितली गेली आणि डोक्यात नीट बसायला महिना गेला. पहिल्या आठवड्यात घरी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मागून, मी ज्यांच्याकडे राहत होते त्यांची सात वर्षांची धाकटी ओरडत आली, "दादा! दादा!" आणि माझ्या मांडीवर चढून बसली. इकडे रावेरला माझा सख्खा दादा मोबाइलमध्ये डोकं घालून बघतोय की ही पोरगी आपल्याला कशी काय ओळखते. मी म्हटलं अरे तुला नाही, मला म्हणतेय, इथे मी दादा आहे. मग आईला सांगितलं की मामांनी आज केळ्याचं सूप केलं होतं. "कोन मामा? तिकडं कोनता मामा भेटला तुले?" आता काय सांगणार.

२०१८ च्या जानेवारीत मी तीन महिन्यांसाठी तिकडे गेले होते. पुण्यातली पहिली नोकरी सोडली होती, दुसरी मिळाली नव्हती, थोडे पैसे साठले होते आणि आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटून घ्यायची फार गरज होती. हे शेवटचं कारण तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगायला हरकत नाही. एका संस्थेच्या वेबसाइटवर फॉर्म भरला (नाव घेत नाही), प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायचं, राहायचं गावातल्याच एका कुटुंबात. फी भरली, तिकीट काढलं, आईच्या धाकाने बॅगेत चार किलो शेव, लाडू आणि मेतकूट घेतलं आणि निघाले.

गाव किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर. मोशी शहरातून मारांगूकडे जाणाऱ्या डालाडालात बसायचं. डालाडाला म्हणजे आपली काळीपिवळी, फक्त जास्त माणसं आणि जास्त मोठ्याने गाणी. डांबरी रस्ता सोडून बोडाबोडावर म्हणजे मोटारसायकलच्या मागे बसून वर चढलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. मला इतकं हसू आलं. मी जळगाव जिल्ह्यातली, रावेर तालुक्यातली, आमच्या घरची सात एकर केळी, लहानपणापासून केळीशिवाय दुसरं झाड नीट पाहिलेलं नाही म्हटलं तरी चालेल, आणि इतकं लांब विमानाने येऊन पाहते तर काय, परत केळीच.

पण ही केळी वेगळी होती. आमच्याकडे केळी म्हणजे सरळ ओळी, ठिबकच्या काळ्या नळ्या, टिश्यू कल्चरची सगळी एका उंचीची झाडं, आणि घड कापणीला आला की व्यापारी, भाव आणि ट्रक. इथे चागा लोकांच्या घराभोवती जी बाग असते तिला किहांबा म्हणतात. वर मोठी सावलीची झाडं, त्याखाली केळी, केळीच्या सावलीत कॉफी, कॉफीच्या खाली घेवडा, अळूसारखे कंद, एका कोपऱ्यात गोठा, आणि ह्या सगळ्याच्या मधून डोंगरावरून काढत आणलेला पाण्याचा पाट. त्या पाटाला म्फोंगो म्हणतात. कित्येक पिढ्यांपूर्वी खोदलेले, पाणी कुणी कधी घ्यायचं याची बारी ठरलेली. आमच्या खानदेशात पांझरेकाठी फड पद्धत आहे ना, पाटाचं पाणी पाळीने वाटून घ्यायची, तसलंच डोकं. आणि माणूस गेलं की त्याच किहांब्यात पुरायचं. घरातल्या बाबांचे वडील कॉफीच्या झाडांपलीकडे होते. फरशी लावलेली, वर क्रूस, आणि शेजारी केळीचा घड लटकलेला.

केळीच्या जातीही किती! गोड लहान केळी किसुकारी. भाजायची वेगळी, उकडायची वेगळी, आणि म्शारे नावाची केळी घालून मटणाबरोबर गिजगा होईपर्यंत शिजवली की म्तोरी. हे म्हणजे त्यांच्याकडचं बाळंतिणीचं खाणं, आपल्याकडे डिंकाचे लाडू असतात तसं. आणखी एक म्हणजे म्बेगे, केळी आणि नागली आंबवून केलेली दारू. नागली बघून मला आजीची आठवण झाली. नंतर कळलं की नागली मुळात पूर्व आफ्रिकेतलीच, हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आली, आणि केळी आग्नेय आशियातून समुद्र ओलांडून तिकडे गेली. म्हणजे त्या भोपळ्याच्या तुंब्यात दोन्ही बाजूंचं सामान एकत्र आंबत होतं. चव मात्र, खरं सांगते, ताकात माती कालवल्यासारखी लागली. बीबी हसून हसून खोकायला लागली.

बीबी म्हणजे आजी. घरात माणसं सहा. बीबी, मामा, बाबा, अकरावीच्या आसपासचा थोरला, मधला, आणि धाकटी. गावात मामांना कुणी नावाने हाक मारायचं नाही, मामा म्हणायचं आणि पुढे थोरल्याचं नाव लावायचं. आपल्याकडे अमक्याची आई म्हणतात तसंच. त्यांचं खरं नाव मला दीड महिन्याने कळलं, तेही विजेच्या मीटरचं रिचार्ज करताना. तिकडे मीटर प्रीपेड असतो, लुकू म्हणतात, मोबाइलवरून पैसे भरायचे, वीस आकड्यांचा नंबर येतो तो मीटरवर टाकायचा, आणि संपलं की भर जेवणात अंधार. मग सगळे एकदम "लुकू!" म्हणून ओरडायचे.

आता मुद्द्याचं. मी जायच्या आधी संस्थेने त्या घरी एक छापील कागद दिला होता, नियमांचा. पाहुणीला स्वतंत्र खोली, खोलीला कुलूप, उकळलेलं पाणी, आठवड्यात इतक्या वेळा फळं, आणि पाहुणीला घरकाम सांगायचं नाही. तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेला होता. मी भांडं घासायला घेतलं की मामा बोट त्या कागदाकडे करायच्या. दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात लग्नाचा फोटो, प्लास्टिकची फुलं आणि सोनेरी काठाचे सहा कपबशा. त्यातला एक कप रोज माझ्यासाठी निघायचा. बाकीचे सगळे रंगीत प्लास्टिकच्या मगातून चहा प्यायचे, मी सोनेरी काठाच्या कपातून, बशीसकट. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बीबी ओट्यावर बसून घेवडा सोलत होती, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि स्वतःच हसली. मला काही कळलं नाही, मी पण हसले. शाळेतल्या एका बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ती म्हण आहे: म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात फावडं द्या. जेंबे हे आपल्या फावड्याचंच भावंडं, दांडा जरा लांब आणि पातं रुंद.

मला लगेच आपली म्हण आठवली. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. दोन्ही म्हणींना तिसरा दिवस पक्का माहीत आहे, गंमतच आहे. पण आपली म्हण त्या दिवशी पाहुण्याला सूचकपणे दार दाखवते आणि त्यांची त्याला शेतात नेते. मी त्या दिवशी घरी जाऊन मोठ्या उत्साहाने मामांना म्हटलं, जेंबे! मला जेंबे द्या! मामांनी दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

शाळेचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मी फार काही दिवे लावले नाहीत. पहिल्याच दिवशी गोंधळ. हेडमास्तर म्हणाले होते, उद्या सा म्बिली या. सा म्बिली म्हणजे दोन वाजता, एवढं स्वाहिली मी अ‍ॅपवर शिकून गेले होते. मी बरोबर दुपारी दोनला पावडरबिवडर लावून हजर, आणि शाळा सुटायला आलेली. स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन वाजले. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य बारा महिने जवळपास त्याच वेळेला उगवतो, त्यामुळे हिशोब चुकत नाही. घड्याळ मात्र आपल्यासारखंच असतं, फक्त तास काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. बघायला गेलं तर आपले प्रहर पण सूर्योदयापासूनच की, पण हे ज्ञान मला त्या फाटकात उभी असताना काही उपयोगाचं नव्हतं.

वर्गात ६२ मुलं. २०१६ पासून सरकारने शाळेतली सक्तीची वर्गणीही बंद केली, पोरं भराभर आली, बाकं तेवढीच राहिली. प्राथमिक शाळा सगळी स्वाहिलीत आणि सातवीनंतर माध्यमिकला एकदम सगळे विषय इंग्रजीत. म्हणजे जीवशास्त्र, भूगोल, सगळं. ज्या मुलाला "धिस इज अ पेन" च्या पुढे येत नाही त्याला दुसऱ्या वर्षी प्रकाशसंश्लेषण इंग्रजीतून. आपल्याकडे सेमी इंग्लिशवाल्यांचे हाल मी पाहिलेत, हे त्याच्या वरताण. अशा ठिकाणी तीन महिन्यांसाठी येऊन मी काय करणार होते? मी गाणी शिकवली, चित्रं काढली, मुलं खूश होती, आणि ज्या शिक्षिकेच्या तासाला मी उभी राहायचे ती मागे बसून वह्या तपासायची. तिला माझ्यापेक्षा चांगलं शिकवता यायचं. हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं पण कबूल करायला वेळ लागला.

रस्त्याने जाताना गोऱ्या माणसाला पोरं "म्झुंगू!" म्हणून हाक मारतात. मला बघून आधी जरा गोंधळायची आणि मग ओरडायची, "म्हिंदी!" म्हिंदी म्हणजे हिंदी माणूस, आपण. पुढचा प्रश्न मोठ्या माणसांकडून ठरलेला: मोशीत तुमचं दुकान कुठलं? दुकानाला तिकडे डुकाच म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आणि दुकानंही पुष्कळदा आपल्याकडच्या लोकांची, गुजराती जास्त. हार्डवेअर, कापड, गाड्यांचे पार्ट. मी सांगायचे की दुकान नाही, मी शिकवायला आलेय, फुकट. त्यावर एक बाई इतक्या संशयाने "म्हिंदी? फुकट?" म्हणाल्या की मलाच वाटलं आपण काहीतरी लपवतोय.

आणि मग माझं जेवण. मी शाकाहारी, अंडं चालतं. पोचल्या दिवशी मामांनी विचारलं, मांस नाही? नाही. कोंबडी पण नाही? नाही. मासे? मामांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी आली, की ही पोरगी जगणार कशी. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. मी थोरल्याकडून भाषांतर करून सांगितलं की शक्य असेल तर माझं पातेलं वेगळं ठेवा, आणि तो लाकडी उलथना, उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड घोटायचा, मुईको, तो पण. बीफचं सूप ज्यात शिजतं त्यात माझी भाजी नको. खूप नम्रपणे सांगितलं, चारदा असांते म्हटलं, आभार. मामांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून नवीन लहान सुफुरिया आणली, अ‍ॅल्युमिनियमची. ती माझी. तिच्यात माझा पालक आणि घेवडा शिजायचा, भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगलेली असायची.

बीबीच्या चपात्या मात्र सगळ्यांच्या एकत्र. त्या इतक्या चांगल्या होत्या, पदर सुटलेल्या, तेल लावून घडी घातलेल्या, की मी एकदा विचारलं हे कुठे शिकलीस. फेब्रुवारीतली गोष्ट, लाइट गेलेली, आम्ही चुलीजवळ, थोरला भाषांतर करतोय. बीबी म्हणाली, वाहिंदींकडे, म्हणजे म्हिंदी लोकांकडे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती मोशीत एका म्हिंदी घरात कामाला होती. स्वयंपाक बाई करायची, बीबी कणीक मळायची, भांडी, कपडे, आणि बाईचं बाळ पाठीला बांधून सगळीकडे. ते बाळ तिच्या पाठीशिवाय झोपायचं नाही. मग १९७१ मध्ये सरकारने इमारती ताब्यात घेतल्या, त्यांची पण गेली, आणि पुढच्या वर्षात ती माणसं निघून गेली, बीबीला वाटतं कॅनडाला. जाताना बाईने तिला शिलाई मशीन दिलं. ते अजून घरात आहे, मी पाहिलंय, धाकटीचा युनिफॉर्म त्याच्यावर उसवून मोठा केलेला.

एवढं सांगून बीबी थांबली. मग हाताने दाखवलं, एवढा. कोपो. पत्र्याचा डबा, कडा दुमडून केलेला मग. मागच्या नळाजवळ खिडकीत असायचा, तिचा चहा त्यात. घरातले कप ती रोज घासायची पण त्यातून प्यायची नाही. ती हे चिडून सांगत नव्हती. शिलाई मशीन सांगितलं त्याच आवाजात सांगत होती. मग माझ्या सुफुरियाकडे बघून, म्हणजे भिंतीवरच्या त्या वेगळ्या खिळ्याकडे, म्हणाली की वाहिंदींची भांडी वेगळी असतात हे मला माहीत आहे, मीच सुनेला सांगितलं नवीन आण म्हणून.

आणि मला विचारलं, तुझ्या गावी पण असतो का कोपो?

मी नाही म्हटलं.

आमच्या घरी मागच्या ओट्यावर, पाण्याच्या टाकीशेजारच्या कोनाड्यात, स्टीलचा एक मोठा कप असतो. सालदाराचा. माझ्या जन्माआधीपासून. सालदार बदलले, कपही एकदा बदलला, कोनाडा तोच. लहानपणी मला कधी त्यात काही वेगळं वाटलं नाही, जसं तुळशीवृंदावन कुठे आहे यात वाटत नाही तसं. आणि तिथे चुलीजवळ बसून मी थोरल्याला म्हटलं, हापाना, सांग तिला, नाही. त्याने भाषांतर करायची गरज नव्हती, हापाना बीबीला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं की वेगळं पातेलं राहू द्या. मांस मी खाणार नाही पण बाकी सगळं एकत्रच करा. मामा म्हणाल्या बरं. सावा, एवढंच. म्तोरी करताना त्या मांस घालायच्या आधी माझी वाटी काढून ठेवायच्या, त्याच मुईकोने. पहिल्या घासाला माझ्या पोटात जरा गोळा आला हे लिहून ठेवते, एका दिवसात माणूस बदलत नाही. सुफुरियात मग धाकटी तिच्या पिल्लांना कोंडा कालवायला लागली.

पैशाचं मी इथेच सांगून टाकते, कारण ह्या विषयावर कुणी लिहीत नाही आणि जाणारे दर वर्षी फसतात. बाबांशी माझं केळीमुळे जमलं. ते तरुणपणी डोंगरावर हमाल होते, ५,८९५ मीटर उंचीच्या त्या शिखराकडे लोकांचं सामान डोक्यावर घेऊन जायचे, त्यात गुडघे गेले, आता कॉफी आणि केळी. कॉफीला भाव नाही, १९८९ साली कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार कोलमडला तेव्हापासून भावाचं काही खरं राहिलं नाही असं ते सांगायचे, आणि झाडंही म्हातारी झालेली. मला भावाची भाषा कळते. आम्ही संध्याकाळी केळीचा भाव, खताचा भाव असं तासभर बोलायचो. एकदा त्यांनीच सहज विचारलं की तू संस्थेला किती भरलेस. मी सांगितलं, तिकीट सोडून १,५०,००० रुपये. त्यांनी मोबाइलवर शिलिंगमध्ये हिशोब केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना आठवड्याला लाकी मोजा मिळत होते. लाकी म्हणजे आपला लाख, मोजा म्हणजे एक. एक लाख शिलिंग, म्हणजे तेव्हाचे साधारण ३,००० रुपये. बारा आठवड्यांचे ३६,०००. शाळेला काय मिळालं विचारलं तर खडूचे दोन खोके आणि एक नकाशा. बाकीचं कुठे गेलं हे मी संस्थेला मेल करून विचारलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा मला खूप सुंदर भाषेत काहीच सांगितलं गेलं नाही. जाणार असाल तर जायच्या आधी विचारा. घराला किती, शाळेला किती, तुमच्यामुळे कुणाचं काम जातंय का. उत्तर आकड्यात मागा.

त्या रात्री मामांनी दारावरचा कागद काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा बशीशिवाय आला.

मार्चच्या सुरुवातीला हवा बदलली. सकाळी स्वच्छ दिसणारा डोंगर दहाच्या आत ढगात जायला लागला. मसिका येणार होता, तिकडचा मोठा पाऊस, मार्च ते मे. चागा लोकांची घराजवळ केळी असते पण मक्यासाठी खाली सपाटीवर वेगळं शेत असतं, गरम, कोरड्या जमिनीचं. पाऊस पडायच्या तोंडावर तिथे मका टोकायचा. शनिवार होता, रोजाने येणारा माणूस आला नाही, बाबांचे गुडघे दुखत होते, थोरल्याचा जादा तास. मामा आणि बीबी अंगणात चागा भाषेत काहीतरी भांडत होत्या, त्यात जेंबे हा शब्द मला ऐकू आला. मी काही न बोलता बाबांचे गमबूट घालून उभी राहिले. मामांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि भिंतीला टेकवलेलं एक जेंबे उचलून माझ्या हातात दिलं. सहावा आठवडा संपत आला होता. तिसरा दिवस उजाडला.

आता मी शेतकऱ्याची मुलगी म्हणून सगळीकडे मिरवते. पुण्यात ऑफिसात पण मिरवायचे. पण खरं असं की फावडं मी त्याआधी कधी धरलंच नव्हतं. आमच्या घरातल्या बायका शेतात जात नाहीत. मजूर बाया जातात. आम्ही बागेत जातो ते घड लागले की फोटो काढायला, नाहीतर पाहुण्यांना दाखवायला. जेंबे डोक्याच्या वर न्यायचं नाही, खांद्यापर्यंतच, आणि मारायचं नाही, पडू द्यायचं, पात्याचं वजन काम करतं, हे मला मामांनी हाताला धरून शिकवलं. गाठी मारलेली दोरी ताणायची, प्रत्येक गाठीला एक खड्डा, खड्ड्यात तीन दाणे, पायाने माती लोटायची, पुढे. दोरी उचलायची, पाऊलभर सरकवायची, परत. पहिली ओळ मी जोशात केली. चौथ्या ओळीला तळहाताला फोड आले. सहाव्या ओळीला फुटले. सत्तरी ओलांडलेली बीबी माझ्या दोन ओळी पुढे होती आणि कमरेतून वाकलेली ती दुपारपर्यंत सरळ झाली नाही.

मक्याला स्वाहिलीत माहिंदी म्हणतात. हे शेजारच्या शेतातल्या बाईला आधी सुचलं. तिने बांधावरून ओरडून पुढच्या बांधाला सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना, की बघा रे बघा, म्हिंदी अनापांडा माहिंदी! हिंदी बाई मका लावतेय. अख्खं शिवार हसत होतं. मी दांडा हवेत उंच करून दाखवला तर टाळ्या पडल्या.

दुपारी झाडाखाली बसलो. थर्मासमध्ये चहा आणि प्यायला मग दोनच. एक हिरवा, एक कान तुटलेला निळा. मामांनी निळा भरून बीबीला दिला, बीबीने अर्धा प्यायला आणि माझ्यापुढे धरला. मी प्यायले आणि मामांना दिला. गूळचट, आलं घातलेला, थोडा धुराचा वास. हाताची आग होत होती. बीबीने माझे तळहात उलटे करून बघितले आणि म्हणाली, पोले ना काझी. याचं भाषांतर मला अजून जमत नाही. कामाने तुला शिणवलं त्याचं मला वाईट वाटतं, असं काहीतरी. काम करणाऱ्या कुणालाही म्हणतात, रस्त्याने जाताना अनोळखी माणसाला पण. शाळेतून यायचे तेव्हा मामा म्हणायच्या, शेजारचे म्हणायचे. बीबीच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. यावर उत्तर द्यायचं असतं, नीमेशापोआ, मी निवले. ते मला वेळेवर आठवलंच नाही.

पुढचे सहा आठवडे मी जवळजवळ रोज काहीतरी केलं. गवत कापलं, पाटाची बारी आली तेव्हा पहाटे बाबांबरोबर पाणी धरायला गेले, मक्याचे कोंब आल्यावर निंदायला गेले. कागद दारावर होता तसाच होता, कोपरे मात्र तेलकट झाले होते. इंग्रजी तेवढंच शिकवलं.

एप्रिलमध्ये घरी आले. सगळ्यांना फोटो दाखवले, आईने हाताचे घट्टे बघून कपाळाला हात लावला की पैसे भरून हे शिकून आली. चार दिवस झाले असतील, सकाळी मी मागच्या ओट्यावर गेले, कोनाड्यातला कप घेतला, विसळला आणि त्यात स्वतःला चहा ओतून घेतला. मुद्दाम केलं, उगाच कशाला लपवू, कुणीतरी बघावं म्हणूनच केलं. आई स्वयंपाकघरातून बघत होती. "काय करून राह्यली तू? तो त्यायचा कप हाय." मी म्हटलं मग त्यांना आपल्यातला दे. आईने आतून एक कप आणला खरा, चिनी मातीचा, फुलाफुलांचा, आणि काही न बोलता ओट्यावर आदळला.

तेवढ्यात सालदार काका आले. बागेतून आले होते, पाय चिखलाने भरलेले. त्यांनी तो फुलांचा कप बघितला, माझ्या हातातला त्यांचा कप बघितला, आईकडे बघितलं, आणि इतके अवघडले की मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी म्हटलं काका घ्या ना, चहा घ्या. ते उभेच.

"ताई, राहू द्या," ते म्हणाले. "मले त्याच्यातच बरं वाटते. मोठा आहे तो, चहा जास्त मावते."